विकराधारित जैवसंवेदक आणि कापूसपट्ट्यातील विषबाधा : एक चिकित्सा

प्रस्तावना
सन २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो रुग्णालयात दाखल झाले. केळापूर हा याच जिल्ह्यातील कापसाचा तालुका होय. रेणवीय इलेक्ट्रॉनिकीतील विकराधारित जैवसंवेदकांविषयीचे दावे म्हणूनच येथील बांधावर पारखणे अगत्याचे ठरते.

विवेचन
क्लार्क व लायन्स यांनी १९६२ मध्ये विकर-विद्युतअग्राची कल्पना मांडली. पुढे २००३ मध्ये विलनर यांच्या गटाने ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर १.४ नॅनोमीटरच्या सुवर्णकणामार्फत विद्युतअग्राशी सांधले. तेव्हा इलेक्ट्रॉन-वहनाचा वेग सेकंदाला सुमारे ५००० झाला. ऑक्सिजनसोबत तो सुमारे ७०० असतो. हे यश निर्विवाद आहे. मात्र त्याच्या आधारे कीटकनाशक-संवेदकाविषयी तशीच अपेक्षा बाळगणे सयुक्तिक नाही.

ग्लुकोज-संवेदकात साखर वाढली की विद्युतप्रवाह वाढतो. ऑर्गनोफॉस्फेट गटातील विष ओळखणारा संवेदक याच्या उलट चालतो : विष अॅसिटिलकोलिनेस्टरेज या विकराला निष्क्रिय करते आणि प्रवाह घटतो. परंतु विकर उष्णतेनेही निकामी होते. उन्हाळ्यात पारा ४२ अंशांपुढे जाणाऱ्या या भागात शीतसाखळीविना साठवलेल्या पट्टीवरील घट विषामुळे की उन्हामुळे, हे तुलनेची दुसरी, विषविरहित पट्टी असल्याशिवाय सांगता येत नाही.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. मोनोक्रोटोफॉस व प्रोफेनोफॉस या विकराला रोखतात. सायपरमेथ्रीन आणि डायफेन्थियुरॉन यांची क्रिया वेगळी आहे. प्रत्यक्षात फवारणी बहुधा मिश्रणाची असते. अशा वेळी संवेदकाने दिलेला 'सुरक्षित' हा निर्वाळा संवेदक नसण्यापेक्षा घातक ठरू शकतो.

निष्कर्ष
पाण्यात वा पिकावर विष शोधण्यापेक्षा फवारणाऱ्याच्या रक्तातील कोलिनेस्टरेज मोजण्यासाठी हे तंत्र वापरणे अधिक फलदायी ठरेल. या विकराची पातळी व्यक्तिपरत्वे भिन्न असल्याने हंगामापूर्वीची नोंद आवश्यक आहे. कॅलिफोर्नियात अशी कीटकनाशके नियमित हाताळणाऱ्या कामगारांची तपासणी १९७४ पासून रूढ आहे. ऑर्गनोफॉस्फेटपुरते तरी हे आपल्या ग्रामीण आरोग्यव्यवस्थेत साध्य होण्याजोगे आहे. तेव्हा संवेदकाचे मूल्यमापन त्याच्या सूक्ष्मतेवर न करता, त्याच्या नोंदीमुळे मजूर वेळीच फवारणीपासून दूर ठेवला गेला की नाही, या कसोटीवर व्हावे.