झळाळीची लिपी : प्रतिमा-संपादन प्रणालीतील चमकदार देवनागरी अक्षरांची चिकित्सा

प्रस्तावना

लग्नपत्रिका, नाट्यप्रयोगाचा फलक, गणेशोत्सवाची कमान, महाविद्यालयाच्या वार्षिकांकाचे मुखपृष्ठ किंवा चर्चासत्राचा बॅनर, यांपैकी काहीही समोर घेतले तरी त्यावरील मुख्य शीर्षक बहुधा सोनेरी, रुपेरी अथवा निळ्या-जांभळ्या झळाळीत न्हालेले दिसते. ही अक्षरे आपल्या दृश्य परिसराचा मोठा भाग व्यापून आहेत. त्यांच्याविषयी सुशिक्षित वर्गात बोलले जाते, तेव्हा ते बोलणे बहुतेक वेळा ‘भडक’ या एका विशेषणावर संपते. भडकपणा हा अभिरुचीचा शेरा झाला. त्याने चिकित्सेचे काम भागत नाही. अक्षर चमकते म्हणजे नेमके काय होते, ती चमक कोणत्या संकेतांनी घडवली जाते आणि देवनागरी लिपीच्या अंगी ती कितपत लागते, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी अॅडोबी फोटोशॉप या सर्वपरिचित प्रणालीचे उदाहरण घेतले आहे.

लेखाचे प्रतिपादन आरंभीच नमूद करणे इष्ट ठरेल. आक्षेप झळाळीवर नाही. आक्षेप असा की, ही झळाळी अक्षर पूर्ण झाल्यानंतर बाहेरून चढवली जाते आणि तिला अक्षराच्या घडणीची दखल नसते. त्यामुळे देवनागरीत ती नेमकी तेथे सर्वाधिक चमकते, जेथे वाचकाला सांगण्यासारखे सर्वांत कमी असते.

१. झळाळी : एक नाते

साबणाचा फुगा, पाण्यावरचा तेलाचा तवंग, मोरपीस या वस्तूंचा रंग पाहण्याच्या कोनागणिक पालटतो. रॉबर्ट हूक याने १६६५ मधील ‘मायक्रोग्राफिया’त आणि न्यूटनने १७०४ मधील ‘ऑप्टिक्स’मध्ये अशा रंगांची दखल घेतली होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी टॉमस यंगने प्रकाशाच्या व्यतिकरणाच्या आधारे पातळ पापुद्र्यांच्या रंगांचा उलगडा केला. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. पापुद्र्याची जाडी याच मापाच्या आसपास असली, की त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणारे तरंग एकमेकांत मिसळून काही रंग उजळतात व काही विझतात. कोन बदलला की हा हिशोबही बदलतो. मोरपिसातील रंगद्रव्य प्रत्यक्षात गडद तपकिरी असते. निळा-हिरवा दिसतो तो त्याच्या सूक्ष्म रचनेमुळे.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. अशी झळाळी हा वस्तूचा एकटीचा गुण नसतो. प्रकाश, पृष्ठभाग आणि पाहणारा यांच्यातील ते नाते असते. पाहणाऱ्याने मान हलवली नाही, वस्तू हलली नाही, तर रंगपालटही होत नाही.

संगणकाच्या पडद्यावर किंवा फ्लेक्सवर छापलेल्या अक्षराच्या बाबतीत हे नाते उरत नाही. डावीकडून पाहा वा उजवीकडून, निळ्याच्या जागी निळाच आणि जांभळ्याच्या जागी जांभळाच दिसतो. प्रणाली जे निर्माण करते ते झळाळीच्या एका क्षणाचे गोठवलेले चित्र असते. यात फसवणूक आहे असे मानण्याचे कारण नाही, कारण चित्रकलेत मोत्याची चमकही याच पद्धतीने रंगवली जाते. मात्र चित्रकार विशिष्ट मोती, विशिष्ट खिडकी आणि विशिष्ट वेळचा उजेड पाहून ती चमक रंगवतो. प्रणालीतील चमक कोणत्याही विशिष्ट वस्तूवरून घेतलेली नसते. हा फरक पुढील विवेचनात ध्यानी ठेवावा लागेल.

२. झळाळीची यांत्रिक घडण

टॉमस व जॉन नोल या बंधूंनी विकसित केलेल्या फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० मध्ये आली. थर, म्हणजे लेयर, ही सोय १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत मिळाली. तोपर्यंत चकाकणारे अक्षर घडवायचे तर अक्षराची प्रत काढणे, ती धूसर करणे, किंचित सरकवणे, दोन प्रतींची वजाबाकी करणे आणि उजेड-अंधाराचा आलेख लाटेसारखा वाकवणे, अशा अनेक पायऱ्या हाताने कराव्या लागत. १९९८ च्या पाचव्या आवृत्तीत थरांना परिणाम जोडण्याची सोय झाली आणि २००० च्या सहाव्या आवृत्तीत त्या परिणामांचा संच ‘लेयर स्टाईल’ म्हणून साठवून दुसऱ्या अक्षरांवर एका क्लिकने चढवता येऊ लागला. कारागिरीचे रूपांतर तयार नमुन्यात झाले ते या टप्प्यावर.

रंगपालटी अक्षराची आजची कृती साधारणपणे अशी असते. ‘बेव्हल अँड एम्बॉस’ने अक्षराच्या कडांना उतार दिला जातो. ‘ग्लॉस काँटूर’मध्ये वर-खाली जाणारी वक्ररेषा निवडली की त्या उतारावर उजेडाचे व काळोखाचे एकाआड एक पट्टे उमटतात. ‘सॅटिन’ने रेशमी पडसाद मिळतो. ‘ग्रेडियंट ओव्हरले’ने रंगांचा पट्टा पसरवला जातो आणि ‘स्क्रीन’ किंवा ‘कलर डॉज’ या मिश्रणपद्धतींनी उजळ जागा अधिक उजळ केल्या जातात.

या पट्ट्यांपैकी ‘क्रोम’ नावाचा नमुना विशेष विचारात घेण्याजोगा आहे. फोटोशॉपच्या मूळ संचात तो अनेक वर्षे होता. त्यात वर निळा, मग पांढुरका, मध्ये एकाएकी गडद रेघ आणि खाली तपकिरी असा क्रम दिसतो. या क्रमात एक निसर्गचित्र दडलेले आहे. निळा भाग म्हणजे आकाश, गडद रेघ म्हणजे क्षितिज आणि तपकिरी भाग म्हणजे जमीन. उघड्या माळावर ठेवलेल्या गुळगुळीत धातूत जे प्रतिबिंब दिसेल, त्याचा हा संक्षेप होय. एअरब्रशने काम करणाऱ्या पाश्चात्त्य जाहिरात-चित्रकारांत हा संकेत संगणकापूर्वीच रुळला होता. बंद सभागृहातील चर्चासत्राच्या बॅनरवरील अक्षरांत आपण हेच क्षितिज पाहत असतो, आणि ते तेथे कसे आले हा प्रश्न कोणाला पडत नाही. संकेत रूढ होतो म्हणजे काय होते, याचे हे चांगले उदाहरण म्हणता येईल.

३. देवनागरीवरील परिणाम

उपरोक्त परिणाम लिपी पाहत नाहीत. थरातील आकार तेवढा पाहतात. सारख्या उंचीच्या, सुट्या आणि एकसारख्या जाडीच्या रोमन कॅपिटल अक्षरांवर ते नीट बसतात. देवनागरीची घडण निराळी आहे. तिच्या संदर्भात पुढील चार बाबी दिसून येतात.

पहिली बाब शिरोरेषेची. झळाळीच्या बहुतेक नमुन्यांत उजेड वरून, किंचित डावीकडून येतो. अशा उजेडात आडव्या पट्टीची वरची कड सर्वांत तेजस्वी आणि खालची कड सर्वांत गडद होते. देवनागरी शब्दातील सर्वांत लांब आडवी पट्टी शिरोरेषा असते. परिणामी, शब्दात सर्वांत जास्त चमकते ती शिरोरेषा. परंतु ती बहुतेक अक्षरांना समान असल्याने एका अक्षराला दुसऱ्यापासून वेगळे करण्यास तिचा उपयोग अल्प असतो. ओळख पटवणाऱ्या गाठी, वाट्या, तिरप्या रेघा यांच्या वाट्याला तुटक चमक येते. डोळा आधी दांडीकडे जातो आणि अक्षर मागाहून शोधावे लागते.

दुसरी बाब शिरोरेषेतील खंडाची. शिरोरेषेत माहिती असते ती जेथे ती तुटते तेथे. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ या जोड्यांत हा खंड मोलाचा असतो. अक्षराभोवती जाड किनार आणि तिच्याबाहेर प्रभा दिली की हा खंड बुजतो. ‘शुभ’मधील ‘भ’ लांबून ‘म’सारखा दिसू लागतो. वाचक संदर्भाने शब्द ओळखतो हे खरे. परंतु व्यक्तिनामे व गावांची नावे यांत संदर्भ दर वेळी मदतीला येत नाही.

तिसरी बाब मात्रांची. रंगपट्टा थराशी जुळवलेला असतो, तेव्हा तो शब्दाच्या एकूण उंचीवर पसरतो. रोमन कॅपिटल अक्षरांची उंची ठरलेली असल्याने क्षितिजाची रेघ प्रत्येक शब्दात एकाच जागी येते. देवनागरीत ही उंची मात्रांवर अवलंबून असते. ‘शुभ दीपावली’ हे दोन शब्द दोन ओळींत, दोन स्वतंत्र थरांवर मांडून पाहावेत. ‘शुभ’मध्ये उकार खाली उतरतो, वर काही नाही, त्यामुळे क्षितिज खाली सरकते. ‘दीपावली’त वेलांट्या वर जातात, खाली काही नाही, त्यामुळे क्षितिज शिरोरेषेकडे चढते. एकाच शुभेच्छेतील दोन शब्द जणू दोन वेगळ्या माळांवर ठेवलेले दिसतात. पाहणाऱ्याला काहीतरी खटकते, पण ते काय हे सांगता येत नाही.

चौथी बाब रेषेच्या जाडीची. बोरूच्या तिरप्या छाटामुळे देवनागरीच्या परंपरागत वळणात जाड-बारीक रेषांची लय आली आहे. कडेचा उतार मात्र सर्वत्र एकाच मापाचा दिला जातो. जाड रेषेला तो शोभतो; बारीक रेषेत दोन्ही बाजूंचे उतार मध्ये भेटून तिचा सपाट भाग नाहीसा होतो. बोरूची लय अशा रीतीने धातूच्या सळईत बदलते.

याला छपाईची मर्यादाही जोडून येते. पडदा लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशाने रंग दाखवतो. छपाई निळसर, किरमिजी, पिवळ्या व काळ्या शाईने होते. पडद्यावरील तेजस्वी निळे-जांभळे रंग त्या शाईत मंदावतात. सोनेरी म्हणून जे छापले जाते ते पिवळ्या आणि तपकिरी छटांचे मिश्रण असते. पडद्यावर पाहून मान्य केलेले अक्षर फ्लेक्सवर मळकट दिसते ते यामुळेच.

४. झळाळीची आपली परंपरा

चमकदार अक्षरांची ओढ ही संगणकाने लावलेली सवय आहे, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. पश्चिम भारतातील कल्पसूत्राच्या काही जैन हस्तलिखितांत सोन्याच्या शाईने नागरी अक्षरे लिहिलेली आढळतात. तेथे सोने अक्षराचा देह असते. लेखणीच्या प्रत्येक वळणात ते उतरते आणि पान हलले की खरोखर लकाकते. विणकामात ताण्याला एक आणि बाण्याला दुसरा रंग घेऊन साधलेली धूपछाव हाही खरा रंगपालट होय. तो कापडाच्या रचनेतूनच निपजतो. लग्नपत्रिकेवरील दाबून चिकटवलेल्या सोनेरी वर्खातही प्रकाशाशी असलेले नाते टिकून असते. शिवाय वर्खासाठी धातूचा ठसा करावा लागत असल्याने, फार बारीक फटी बुजतील याचा विचार अक्षर काढतानाच करावा लागतो. माध्यमाची अडचण तेथे अक्षराला शिस्त लावते.

याच्या दुसऱ्या टोकाला कमल शेडगे (१९३५-२०२०) यांनी मराठी नाटकांसाठी रेखाटलेली शीर्षके ठेवून पाहता येतील. वृत्तपत्रीय जाहिरातीत रंग नाही, झळाळी नाही. आहे ती फक्त काळी शाई आणि पांढरा कागद. तरीही नाटकाची प्रकृती शीर्षकाच्या वळणातून, जाडीतून आणि दोन अक्षरांच्या जोडणीतून व्यक्त होते. जे सांगायचे ते अक्षराच्या हाडापेरात सांगितलेले असते. तयार नमुन्याची झळाळी हाच आशय कातडीवर सोपवते. आणि एकच कातडी बारशाला, प्रचारसभेला व श्रद्धांजलीलाही पांघरली जाते. विशिष्ट वस्तूवरून न घेतलेली चमक कोणत्याही वस्तूला लागते, पण कोणत्याच वस्तूविषयी काही सांगत नाही.

५. जबाबदारीचा प्रश्न

याचा दोष तालुक्याच्या गावी फ्लेक्सचे काम करणाऱ्या तरुणावर टाकणे अन्यायाचे होईल. गिऱ्हाईक शेजारी उभे, हातात मोजकी मिनिटे आणि मोबदला फलकाच्या चौरस फुटांवर. अशा स्थितीत तयार नमुना हाच त्याचा आधार असतो. शिवाय त्याला प्रणाली शिकवली गेली, लिपी शिकवली गेली नाही. संगणकाचे वर्ग आज्ञा शिकवतात. मराठीचे वर्ग अक्षराच्या ध्वनीविषयी व व्युत्पत्तीविषयी बोलतात, त्याच्या देहाविषयी क्वचितच. या दोहोंच्या मधल्या जागेत देवनागरी निराधार उभी आहे, आणि ही जागा महाविद्यालयांच्या आवाक्यातली आहे.

त्यासाठी नवा अभ्यासक्रमच हवा असे नाही. संगणक व मराठी विभागांनी मिळून पुढील सराव सहज घेता येईल. शीर्षक आधी निव्वळ काळ्यात मांडून दहा पावलांवरून वाचून पाहावे. कडेच्या उताराचे माप शब्दातील सर्वांत बारीक रेषेवरून ठरवावे. शिरोरेषा वेगळ्या थरावर घेऊन तिची चमक उणी करावी. ‘ध’, ‘भ’, ‘थ’ यांतील खंड किनार दिल्यावर शाबूत आहेत का, हे तपासावे. दोन ओळींसाठी रंगपट्टे स्वतंत्र थरांवर काढून ते क्लिपिंग मास्कने अक्षरांना जोडावेत आणि दोन्हींचे क्षितिज शिरोरेषेपासून समान अंतरावर ठेवावे. यांतील एकही पायरी झळाळीला मनाई करत नाही.

निष्कर्ष

प्रतिमा-संपादन प्रणालीतील झळाळी ही प्रकाशाची घटना नसून प्रकाशाचा संकेत आहे, असे वरील विवेचनातून दिसून येते. हा संकेत सुट्या, समान उंचीच्या अक्षरांवर सहज बसतो. देवनागरीत तो शिरोरेषेला अवाजवी महत्त्व देतो, अर्थपूर्ण खंड बुजवतो, मात्रांमुळे विस्कटतो आणि बोरूची लय पुसतो. या परिणामांचे कारण लोकांच्या अभिरुचीत शोधण्याऐवजी लिपी आणि प्रणाली यांच्यातील न झालेल्या संवादात शोधणे अधिक न्याय्य ठरेल. आपल्या विद्यार्थ्यांपैकी अनेक जण उद्या गावोगावच्या पाट्या, पत्रिका व फलक घडवणार आहेत. देवनागरी डोळ्यांना कशी दिसावी, हे पाठ्यपुस्तकांइतकेच त्यांच्याही हातून ठरणार आहे. अक्षराला झळाळी देण्यापूर्वी अक्षर पाहण्याची सवय त्यांना लागली, तर सोनेरी ‘शुभ’ शुभच वाचले जाईल.