'बॅटलफील्ड १९४२' : सांघिक युद्धक्रीडा आणि इतिहासाचा प्रश्न

ऐतिहासिक कादंबरीचा विचार करताना घटनांची सत्यता आणि अनुभवाची सत्यता असा भेद समीक्षेने पूर्वीच मान्य केलेला आहे. संगणकावरील युद्धक्रीडेलाही हा भेद लावून पाहणे आता आवश्यक झाले आहे. स्वीडनमधील डिजिटल इल्यूजन्स या संस्थेने रचलेला व २००२ साली प्रसिद्ध झालेला 'बॅटलफील्ड १९४२' हा खेळ या दृष्टीने विशेष विचारार्ह होय. कारण त्याने एका वर्षाचेच नाव धारण केले आहे.

या खेळाचा गुण त्याच्या सांघिक रचनेत आहे. एका रणभूमीवर ६४ पर्यंत खेळाडू दोन पक्षांत विभागले जातात. टेहळ्या, चढाईचा शिपाई, रणगाडाविरोधी सैनिक, वैद्य व यंत्रज्ञ यांपैकी एक भूमिका प्रत्येकाने पत्करावयाची असते. एकट्या शूराचे येथे फारसे चालत नाही. पोवाड्यातील नायककेंद्री युद्धकल्पनेहून ही कल्पना इतिहासाच्या अधिक जवळची आहे. १७३९ च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या सैन्याने तारापूरचा किल्ला घेतला, तो सुरुंग लावणारे, तोफा डागणारे व तटावर चढणारे या सर्वांच्या एकत्रित श्रमानेच.

तथापि खेळाने उभे केलेले १९४२ साल अपुरे आहे. त्यात सैन्ये पाच : अमेरिकन, ब्रिटिश, रशियन, जर्मन व जपानी. टोब्रुक ही त्यातील एक रणभूमी. २० जून १९४२ रोजी रोमेलने टोब्रुकच्या आग्नेय तटबंदीवर हल्ला चढविला, तेव्हा त्याचा पहिला आघात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या दुसऱ्या पलटणीने सोसला. खेळात तेथील बचाव करणारा सैनिक केवळ ब्रिटिश आहे. करमणुकीच्या साधनाकडून इतिहासग्रंथाची अपेक्षा करू नये, असा आक्षेप येथे संभवतो. परंतु ज्याने खऱ्या स्थळांची व वर्षाची नावे आपल्या प्रतिष्ठेसाठी घेतली, त्याने त्या नावांची जबाबदारीही घेतली पाहिजे.

याहून मूलगामी उणीव खेळाच्या नियमांतच आहे. निशाण जिंकणे हे त्यातील मुख्य उद्दिष्ट. शत्रू जवळपास नसता निशाणापाशी काही क्षण उभे राहिले, की ते आपल्या पक्षाचे होते. मेलेला खेळाडू थोड्या अवकाशाने पुन्हा रणांगणात उतरतो. त्याच्या मृत्यूने पक्षाच्या राखीव संख्येतून फक्त एक वजा होतो. याच वर्षाच्या १४ ऑगस्टला पालघरच्या कचेरीवर तिरंगा लावण्यासाठी निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला व पाच जण धारातीर्थी पडले. सातपाटी, मुरबे, नांदगाव यांसारख्या आसपासच्या गावांची ती माणसे होती. तेथेही संघ होता, निशाण होते व गोळीही होती. नव्हते ते केवळ मोर्चाच्या हाती शस्त्र. नि:शस्त्र मनुष्याला या खेळाच्या पाच भूमिकांत स्थान नाही, आणि परत न येणाऱ्या मनुष्यालाही नाही.

तारापूरच्या वेढ्यात बाजी भिवराव रेठरेकर पडले. किल्ला मिळाला, पण ती उणीव भरून निघाली नाही. पक्षाची हानी आणि व्यक्तीचा अंत यांतील हे अंतर ज्या रचनेत पुसले जाते, तिला युद्धातील हालचाल दाखविता येते, युद्धाचे मोल दाखविता येत नाही.

सारांश, सहकार्याची जाणीव देण्यात 'बॅटलफील्ड १९४२' यशस्वी झाला आहे व पुढील अनेक सांघिक युद्धक्रीडांनी त्याचाच मार्ग चोखाळला आहे. परंतु अनुभवाच्या सत्यतेच्या निकषावर तो उणा ठरतो, आणि ही उणीव चित्रणाच्या तपशिलाने भरून निघणारी नाही. पालघरच्या हुतात्मा चौकावरून जाणाऱ्या विद्यार्थ्याला १९४२ या आकड्याचा जो अर्थ ठाऊक आहे, तो सामावून घेणारे नियम रचणे हीच या प्रकाराची खरी कसोटी होय.