आव्हान आणि उत्तरदायित्व : ‘नीलकमल रिअल्टर्स’ निर्णयाचे परीक्षण

ग्राहकरक्षणाचा कायदा घटनाबाह्य आहे, असे म्हणून व्यावसायिक न्यायालयात गेला, तर ग्राहकाप्रती असलेले त्याचे दायित्व तोवर स्थगित होते काय? ‘नीलकमल रिअल्टर्स सबर्बन विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणी न्या. नरेश पाटील व न्या. राजेश केतकर यांच्या खंडपीठाने ६ डिसेंबर २०१७ रोजी दिलेला निर्णय या प्रश्नाच्या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे.

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ मधील उर्वरित तरतुदी १ मे २०१७ पासून अंमलात आल्या व अपूर्ण प्रकल्पांनाही नोंदणी बंधनकारक झाली. कलम १८ अन्वये ताबा लांबल्यास, करारातून बाहेर न पडणाऱ्या ग्राहकास दरमहा व्याज देणे प्रवर्तकावर आले. जुन्या करारांवर नवे ओझे लादल्याने संविधानाच्या अनुच्छेद १४, १९(१)(छ), २० व ३००-अ यांचा भंग होतो, असा प्रवर्तकांचा आक्षेप होता.

खंडपीठाने हा आक्षेप फेटाळला. त्याची दोन विधाने विशेष मोलाची आहेत. पहिले असे की, हे व्याज म्हणजे शिक्षा नव्हे. पैसे देऊनही घर न मिळालेल्या माणसाची ती भरपाई आहे. दुसरे असे की, नोंदणीच्या वेळी प्रवर्तकास पूर्णतेची नवी तारीख घोषित करता येते. परंतु त्यामुळे मूळ करारनामा पुन्हा लिहिला जात नाही. विलंब मोजावयाचा तो करारातील तारखेपासूनच.

तथापि न्यायालयाने या तरतुदींना ‘अर्धभूतलक्षी’ असे जे नाव दिले, ते आमच्या मते विवेचनास दुबळे करते. ताबा देण्याचे वचन कायद्याने निर्माण केलेले नाही. ते करारातच होते. कायद्याने दिले ते त्या वचनभंगावरील निश्चित व सुलभ उपाय. दायित्वाचे मूळ असे करारात दाखविले असते, तर भूतलक्षित्वाचा वाद बव्हंशी गौण ठरला असता. अपवादात्मक परिस्थितीत नोंदणीची मुदत वाढविण्याचा प्राधिकरणास मान्य केलेला अधिकारही याच दृष्टीने वाचला पाहिजे. प्रकल्पास मिळालेली मुदतवाढ म्हणजे ग्राहकाच्या व्याजाची माफी नव्हे.

वादकाळातील दायित्वाचे उत्तर मात्र अन्यत्र अधिक स्पष्ट सापडते. ‘कनोरिया केमिकल्स’ (१९९७) मध्ये वीजदरवाढीस आव्हान देऊन उद्योगांनी स्थगिती मिळविली होती. याचिका फेटाळल्या गेल्यावर स्थगितीच्या काळातील विलंब-अधिभारही देय आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. हरलेल्या पक्षास अंतरिम आदेशाचा नफा ठेवता येत नाही, हे तत्त्व ‘साउथ ईस्टर्न कोलफील्ड्स’ (२००३) मध्ये अधिक विस्ताराने आले. जेथे स्थगितीदेखील दायित्व पुसत नाही, तेथे केवळ याचिका दाखल केल्याने ते कसे पुसले जाईल?

हा काथ्याकूट महानगरापुरता नाही. पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या योजनेस नोंदणीची सक्ती नाही. खामगाव, चिखली किंवा मेहकर येथे अशा लहान योजनेत आयुष्याची पुंजी घालणाऱ्यास महारेराच्या नोंदवहीचा आधार नसतो. त्याच्यापाशी असतो तो करारनामा, सदनिकांविषयीचा राज्याचा १९६३ चा अधिनियम आणि बुलढाण्याचा जिल्हा ग्राहक आयोग. घरबांधणी ही ‘सेवा’ आहे, हे ‘लखनौ विकास प्राधिकरण’ (१९९३) प्रकरणात ठरलेच आहे. आणि २०१६ च्या कायद्याने ग्राहक आयोगाचा मार्ग बंद होत नाही, हे ‘इम्पेरिया स्ट्रक्चर्स’ (२०२०) ने स्पष्ट केले.

म्हणून दायित्वाचे मूळ कोठे मानावयाचे, हा शब्दच्छल नव्हे. ते केवळ नव्या अधिनियमात मानले, तर त्याच्या कक्षेबाहेरील ग्राहक उघडा पडतो आणि कक्षेतील ग्राहकाचे भवितव्य प्रत्येक याचिकेसरशी टांगणीला लागते. ते करारात मानले, तर दोघेही सुरक्षित राहतात. निर्णयाचा निष्कर्ष योग्यच आहे. त्याचा पाया अधिक खोल घेता आला असता, एवढेच आमचे म्हणणे.