अवकाशातले कूळ आणि आमचा निकष

एखाद्या चित्रपटमालिकेतला सर्वांत श्रेष्ठ भाग कोणता, त्याखालोखाल कोणता आणि अगदी टाकाऊ कोणता, याचा क्रम लावणे हा अलीकडे तरुणांचा आवडता उद्योग झाला आहे. ‘स्टार वॉर्स’ या अमेरिकन अवकाशकथेबाबत तर हा वाद जगभर चालतो. १९७७ ते २०१९ या काळात तिचे नऊ मुख्य चित्रपट आले. त्यांशिवाय २०१६ आणि २०१८ साली दोन जोडचित्रपट निघाले. चाहते त्यांची उतरंड लावतात, मोडतात, पुन्हा लावतात. या वादात आता आमची मुलेही आहेत. बिलोलीसारख्या तालुक्याच्या गावीही मोबाइलवर हे सारे येऊन पोहोचले आहे. शिवाय बिलोली म्हणजे तेलंगणाची सीमा. १९५६ पर्यंत मराठवाडा आणि तेलंगण एकाच हैदराबाद राज्यात होते आणि तेलुगू इकडच्या बाजारात आजही परकी नाही. त्यामुळे ‘बाहुबली’ आणि ‘कल्की २८९८ एडी’ हे तेलुगू चित्रपट इथे घरचेच वाटतात.

हा नुसता करमणुकीचा विषय आहे, त्यात दलित समीक्षेने कशाला पडावे, असे कोणी विचारील. पण महाभारत हीदेखील लोकांच्या करमणुकीची कथा होतीच. एकलव्याचा अंगठा कोणी आणि का मागितला, हा प्रश्न आम्ही तिला विचारला तेव्हा भक्तांना तो आवडला नाही. तोच प्रश्न नव्या पुराणांना विचारायचा की नाही, एवढेच ठरवायचे आहे. आमच्या मते तो विचारलाच पाहिजे, कारण जुन्या पुराणांची जागा आमच्या मुलांच्या मनात आता या नव्या पुराणांनी घेतली आहे.

क्रम लावायचा म्हणजे निकष हवा. चाहत्यांचे निकष ठरलेले आहेत : पटकथा, संवाद, लढाईची दृश्ये, खलनायकाचा दरारा, शेवटचा धक्का. हे निकष खोटे नाहीत. परंतु ज्या गोष्टीवर ही सारी कथा उभी आहे, ती मात्र या निकषांत येतच नाही. ती गोष्ट म्हणजे जन्म.

१९७७ च्या पहिल्या चित्रपटात ल्यूक हा वाळवंटी ग्रहावर काका-काकूंच्या शेतीवर राबणारा मुलगा आहे. त्याचा बाप योद्धा होता, एवढेच त्याला कळते. १९८० च्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मध्ये कळते की साम्राज्याचा काळा सेनापती हाच त्याचा बाप. १९८३ साली राजकन्या लेया त्याची सख्खी बहीण निघते. म्हणजे अफाट आकाशगंगा भाग-भागागणिक आक्रसत जाते आणि शेवटी एका घराण्याची भाऊबंदकी उरते. बहुतेक याद्यांत १९८० चा चित्रपट पहिला किंवा दुसरा असतो. त्याची रचना उत्तम आहे, हे आम्हीही मान्य करतो. पण शेतकऱ्याचा पोर मोठ्या कुळातला निघाला, या धक्क्यालाच सर्वाधिक टाळ्या पडाव्यात, याचा अर्थ काय?

आमच्या वाचकांना हा धक्का नवा नाही. सूताच्या घरात वाढलेला कर्ण पराक्रमी निघतो, तेव्हा कथेसमोर पेच पडतो : सूतपुत्र इतका थोर कसा? कथा तो पेच एका वाक्यात सोडवते : तो मुळी सूतपुत्र नव्हताच, कुंतीचा पुत्र होता. कर्णाबद्दल वाचक अश्रू ढाळतो. पण त्या अश्रूंमागे ‘क्षत्रियाला सूत म्हणून हिणवले’ ही हळहळ असते. खऱ्या सूताला हिणवणे योग्य होते काय, हा प्रश्न तसाच राहतो.

१९९९ च्या ‘द फँटम मेनेस’ने हा विचार थेट प्रयोगशाळेत नेला. या कथेत ‘फोर्स’ नावाची एक विश्वव्यापी शक्ती आहे. ती कोणात किती हे रक्त तपासून मोजता येते, असे या चित्रपटाने सांगितले. चाहते खवळले. बहुतेकांची तक्रार अशी की, शक्तीमधले गूढ त्यामुळे नाहीसे झाले. योग्यता रक्तात असते, हे विधान त्यांपैकी फारच थोड्यांना खटकले. त्याच चित्रपटात अनाकिन हा नऊ वर्षांचा गुलाम मुलगा आहे. धर्मयोद्धे त्याला पैजेत जिंकून सोडवतात, कारण त्याचे रक्त मोलाचे ठरते. त्याची आई श्मी मात्र गुलामच राहते. १९९९ चा चित्रपट यादीत तळाला टाकणारे त्यातल्या विदूषकी पात्राला आणि कंटाळवाण्या राजकारणाला दोष देतात. गुलामगिरी डोळ्यांनी पाहून निघून जाणाऱ्या धर्मयोद्ध्यांना दोष देऊन तो खाली ढकलणारे विरळा.

याच मालिकेत यंत्रमानव विकले जातात, विकत घेतले जातात, त्यांची स्मृती पुसली जाते. पहिल्याच चित्रपटात एका गुत्त्यातला दारू वाढणारा नोकर यंत्रमानवांना दारातून हाकलतो आणि नायक त्यांना मुकाट बाहेर थांबायला सांगतो. हॉटेलात आपल्यासाठी वेगळी कपबशी ठेवलेली ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी हे दृश्य चाहत्यांच्या डोळ्यांनी का पाहावे?

चाहते आंधळे असतात, असे आमचे म्हणणे नाही. १९७७ च्या चित्रपटाच्या शेवटी ल्यूक आणि हान यांना पदके मिळतात, पण त्यांच्याच खांद्याला खांदा लावून लढलेल्या केसाळ चुबाकाला मिळत नाही. चाहत्यांनी हा अन्याय चाळीस वर्षे विसरू दिला नाही आणि २०१९ च्या चित्रपटात त्याच्या हाती पदक द्यावेच लागले. प्रेक्षकाने लावून धरले तर कथाकाराला ऐकावे लागते. प्रश्न एवढाच की तो काय लावून धरतो.

याची खरी कसोटी २०१७ साली लागली. ‘द लास्ट जेडाय’मध्ये नायिका रे हिला सांगितले जाते की तिचे आईबाप कोणीही नव्हते, दारूच्या पैशांसाठी पोर विकून टाकणारी ती माणसे होती. म्हणजे शक्तीला कूळ लागत नाही. चित्रपटाच्या शेवटी श्रीमंतांच्या जुगारनगरीत तबेले झाडणारा एक अनामिक पोर दिसतो. तो हात पुढे करतो आणि झाडू आपसूक त्याच्या हातात येतो. झाडू ज्यांच्या हातात जन्माने दिला गेला, त्यांना या दृश्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. याच चित्रपटाने चाहत्यांत सर्वांत मोठी फूट पाडली. तो मालिकेतून रद्द करावा, असा अर्जही निघाला आणि त्यावर हजारोंनी सह्या केल्या. नापसंतीची कारणे अनेक होती. वृद्ध ल्यूकचे चित्रण हे त्यांतले मोठे. परंतु रोज ही देखभाल-कामगार मुलगी साकारणाऱ्या केली मेरी ट्रॅन या व्हिएतनामी वंशाच्या अभिनेत्रीला वंशावरून आणि रूपावरून इतक्या शिव्या पडल्या की, २०१८ साली तिने समाजमाध्यमावरचा आपला मजकूर काढून टाकला. हा वाद केवळ पटकथेचा नव्हता.

२०१९ च्या ‘द राइज ऑफ स्कायवॉकर’ने माघार घेतली. रे सम्राटाची नात निघाली. रोजची भूमिका मिनिट-सव्वा मिनिटावर आली. तबेल्यातल्या पोराचे पुढे काय झाले, ते कोणी सांगितले नाही. शेवटी एक म्हातारी रेला नाव विचारते, तेव्हा ती स्कायवॉकर घराण्याचे नाव सांगते. यावर कोणी म्हणेल, दुष्ट आजोबाचे कूळ नाकारून तिने स्वतःचे नाव निवडले, हा तर विद्रोहच आहे. नकार आहे, हे खरे. पण एका वाड्यातून निघून ती दुसऱ्या वाड्यात शिरते. वाड्याबाहेरचा माणूस वाड्याबाहेरच राहून मोठा होऊ शकतो, हे २०१७ साली उच्चारलेले वाक्य २०१९ ने खोडले. ज्या जिल्ह्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून १९७८ साली दलितांची घरे जाळली गेली, माणसे मारली गेली, तिथल्या वाचकाला नाव कोणाचे आणि कशासाठी घ्यायचे, हा प्रश्न किरकोळ वाटणार नाही.

आपल्याकडची स्थिती वेगळी नाही. २०१५ ते २०१७ अशी दोन वर्षे साऱ्या देशाने विचारले की कटप्पाने बाहुबलीला का मारले. पिढ्यान्‌पिढ्या सिंहासनाची गुलामी कटप्पाच्याच घराण्याने का करावी, हे कितीजणांनी विचारले? २०२४ च्या ‘कल्की २८९८ एडी’मध्ये काशीच्या माथ्यावर श्रीमंतांची नगरी तरंगते. पाणी आणि हिरवळ तिच्यात, खाली कोरडी गंगा आणि पैशाला महाग झालेली माणसे. इतकी उघड विषमता पडद्यावर क्वचितच दिसते. महाडला १९२७ साली चवदार तळ्याचे पाणी माणसांनी एकत्र येऊन घेतले. या कथेत मात्र पाणी कोंडणाऱ्यांवरचा उपाय एका स्त्रीच्या गर्भातून अवतार घेणार आहे. आणि नायक? पैशासाठी कोणालाही पकडून देणारा हा भटक्या अखेरीस कर्ण निघतो. पुन्हा जन्म, पुन्हा कूळ.

म्हणून क्रम लावू नका, असे आम्ही सांगत नाही. क्रम लावणे म्हणजे मूल्य ठरवणे, आणि मूल्य ठरवण्याचा अधिकार आम्हाला फार उशिरा मिळाला आहे. तो आम्ही सोडणार नाही. आमच्या क्रमात २०१६ चा ‘रोग वन’ वर येईल. त्यातली माणसे कोणत्याही थोर घराण्याची नाहीत. साम्राज्याच्या महाशस्त्राचे नकाशे ती पुढे पोहोचवतात आणि मरतात, आणि त्यांच्या जिवावर १९७७ चा नायक विजयी होतो. २०१७ चा चित्रपट, त्याचे सारे दोष मान्य करूनही, त्याच्या शेजारी बसेल.

कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी वसतिगृहातल्या आणि महाविद्यालयातल्या मुलांना हे चित्रपट पाहू नका असे सांगून काही साधणार नाही. त्यांच्यासोबत बसून ते पाहावेत आणि चर्चेत प्रत्येक भागाला एकच प्रश्न विचारावा : ज्याच्या पाठीशी कूळ नाही, त्याला ही कथा शेवटी कुठे उभे करते? मुलांनी मग खुशाल भांडावे. तो तबेल्यातला पोर पहिल्या क्रमांकाच्या वादात आला, तरी आमचे काम झाले.