धोतर, कॉलर आणि दरवाजा

समीक्षकाने कविता, कादंबरी, आत्मकथन यांच्याविषयी लिहावे, अशी आपल्याकडे रूढ समजूत आहे. मी आज ज्या लिखाणाची समीक्षा करणार आहे ते अवघ्या दोन शब्दांचे आहे. एका निमंत्रणपत्रिकेच्या तळाशी, बारीक टाइपात, इंग्रजीत ते छापलेले होते : 'स्मार्ट कॅज्युअल'. त्या शब्दांचा मी वाचक होतो, आणि वाचक म्हणून मी नापास झालो. म्हणून हा लेख.

२०१६ च्या डिसेंबरातली गोष्ट. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या महाविद्यालयात मी मराठी शिकवीत होतो. एका निबंधस्पर्धेत आमच्या मुलीला दुसरे बक्षीस मिळाले. बक्षीससमारंभ एका मोठ्या शहरातल्या गोल्फ क्लबाच्या सभागृहात होता. केळापूर, घाटंजी, आर्णी या भागांतली अकरा मुले-मुली आणि बक्षीस मिळालेल्या मुलीचे वडील असे आम्ही गाडी करून निघालो. वडील आमच्याच समाजातले. तीन एकर कोरडवाहू, बाकी मजुरी. कापसाचा दुसरा वेचा अर्धवट टाकून ते आले होते. अंगात नीळ घातलेला पांढरा सदरा, खाली पांढरे स्वच्छ धोतर, डोक्याला टोपी, पायात चप्पल. चौदा एप्रिलला ते जे धोतर नेसतात तेच ते होते.

दारावर आम्हाला अडवले. दोन मुलांच्या पायात चपला होत्या. एकाचा टी-शर्ट गोल गळ्याचा होता. दारावरचा माणूस उद्धट नव्हता. उलट तोच ओशाळला होता. म्हणाला, "साहेब, मी काय करू? वरून सांगितलंय. कॉलर पाहिजे, बूट पाहिजे. धोतर तर चालतच नाही." एका मुलाला ड्रायव्हरने आपले बूट दिले, दुसऱ्याला मी पिशवीतले कॅनव्हासचे दिले. गोल गळ्यावर एकाचा स्वेटर चढला. धोतराला मात्र कुणाकडे तोड नव्हती. त्या गृहस्थांनीच मला सोडवले. म्हणाले, "तुमी जा सर. पोरीले बक्षीस घेऊ द्या. मी इथं बसतो."

मी आत गेलो. माझ्या अंगात कोट होता.

समारंभ संपल्यावर बाहेर आलो, तर ते ड्रायव्हर लोकांच्या बाकावर बसून समोरच्या हिरव्या मैदानाकडे पाहत होते. मला म्हणाले, "सर, एवढं रान पडीत काऊन ठेवलं? अन् पानी पाहा ना किती देऊन रायले, नुसत्या गवताले!" मुलीने ढाल त्यांच्या हातात दिली. परतीच्या वाटेवर ती एक शब्द बोलली नाही.

आता त्या दोन शब्दांकडे वळू. ते शब्द मी दहा दिवस आधी वाचले होते. मला त्यांचा अर्थ कळला होता. तरी मी मुलांना सांगितले नाही, आणि त्या गृहस्थांना तर नाहीच नाही. का? पहिले कारण, पालकांचा विचारच माझ्या मनात आला नाही. दुसरे कारण अधिक लाजिरवाणे आहे. 'तुमचे धोतर तिथे चालणार नाही' हे वाक्य मला माझ्या तोंडून उच्चारायचे नव्हते. ते दारावरच्या माणसाने उच्चारले, तेव्हा माझी सुटका झाली. सूचना दडपणारा मीही त्या दाराचा भागीदार होतो, हे आधी कबूल करतो.

'सूचना' म्हणजे आधी कळवणे. पण 'स्मार्ट कॅज्युअल' ही सूचना कोणाला काय कळवते? ज्याचा बाप क्लबात जात होता, त्याला ती वाचण्याची गरज नाही. तो घरातूनच कपडे नेसून येतो तसा नियमही नेसून येतो. ज्याला गरज आहे, त्याला तिच्यातून काहीच कळत नाही. 'स्मार्ट' म्हणजे काय, 'कॅज्युअल' म्हणजे किती, याचे उत्तर त्या शब्दांत नाही. मग ती लिहिली कोणासाठी? ती दारासाठी लिहिली आहे. 'आम्ही कळवले होते' असे म्हणता यावे, एवढाच तिचा उपयोग. पाहुण्याला मार्ग दाखवणे हे या वाङ्मयप्रकाराचे काम नाही. पाहुणा चुकला की चूक त्याचीच ठरावी, ही तिची योजना आहे.

या नियमांचा बारकाईने अर्थ लावला तर आणखी गंमत दिसते. गोल्फ क्लबांत सर्वसाधारणपणे कॉलरचा शर्ट लागतो, जीन चालत नाही, गोल गळा चालत नाही. जीनचे कापड म्हणजे श्रमिकांचे कापड. १८७३ साली अमेरिकेत रिव्हेट मारलेल्या त्या पँटचे पेटंट घेतले गेले ते खाणीत, रानात राबणाऱ्यांची पँट फाटू नये म्हणून. कॉलरचा विणलेला टी-शर्ट हा टेनिस आणि पोलो खेळणाऱ्यांचा. एक कामाचा, एक खेळाचा, दोन्ही कापसाचेच. यवतमाळच्या काळ्या मातीत बायाबापड्या कंबर वाकवून बोंडातून जो कापूस काढतात, त्याला आपण कॉलर होणार की गोल गळा, हे ठाऊक नसते. बोंडात भेद नाही. भेद दारावर आहे.

मराठी भाषेने तर ही गोष्ट केव्हाच सांगून ठेवली आहे. एका अख्ख्या वर्गाला आपण 'पांढरपेशा' म्हणतो. घाम आणि माती ज्याच्या कपड्याला लागत नाही तो पांढरपेशा. पण त्या दिवशी त्या आवारात खरोखर पांढऱ्या वेषात आलेला एकच माणूस होता, आणि पांढरपेशांनी त्यालाच बाहेर बसवले.

पोशाखाचे नियम ही इंग्रजांनी आणलेली चीज आहे, असे कोणी म्हणेल. नियमपत्रक इंग्रजी असेल. नियम आपलाच आहे. बाबासाहेबांनी १९३६ च्या आपल्या न झालेल्या लाहोरच्या भाषणात जानेवारी १९२८ मधल्या एका वृत्ताचा आधार दिला आहे. इंदूर भागातल्या कनारिया, बिचोली-हप्सी, बिचोली-मर्दाना आणि आसपासच्या गावांतल्या सवर्णांनी बलाई लोकांना नियम कळवले : जरीकाठी पगडी बांधायची नाही, रंगीत काठाचे धोतर नेसायचे नाही, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने आणि नटवे कपडे घालायचे नाहीत. शिवाय फुकट राबायचे, आणि हे पटत नसेल तर गाव सोडायचे. बलायांनी नकार दिला, तेव्हा त्यांचे पाणी आणि त्यांच्या गुरांची चराई बंद करण्यात आली.

इथे थांबून विचार करण्यासारखे आहे. ही सूचना अगदी स्पष्ट होती. ती आधी दिली होती, आणि त्या लोकांना समजेल अशा बोलीत दिली होती. म्हणजे सूचना स्पष्ट आहे एवढ्याने ती न्याय्य होत नाही. बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' मध्ये सांगितले आहे की महार बाईने लुगडे नेसताना काठ निऱ्यांत दडवायचा. काठ दिसेल असे नेसण्याचा मान वरच्या जातींच्या बायकांचा. हा नियम कुठे छापलेला नव्हता. तो नेसणाऱ्या बाईच्या बोटांतच शिरला होता. छापलेल्या नियमाशी निदान भांडता येते. बोटांत शिरलेल्या नियमाशी भांडायला महाड घडावे लागले. डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेबांनी महाडला जमलेल्या स्त्रियांना सांगितले ते हेच : जातीची खूण सांगणारे नेसणे आणि कथलाचे जड दागिने टाका, जुने असेल पण स्वच्छ नेसा.

म्हणून आमची भूमिका 'परंपरागत पोशाखाला मान द्या' एवढी सोपी असू शकत नाही. २०१४ च्या जुलैत मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती डी. हरिपरंथामन यांना वेष्टी नेसली म्हणून चेन्नईच्या तामिळनाडू क्रिकेट असोसिएशनच्या क्लबात प्रवेश नाकारला. त्याच वर्षी तिथल्या विधानसभेने कायदा केला आणि वेष्टी किंवा भारतीय परंपरेचा पोशाख यांवरून प्रवेश नाकारणाऱ्या क्लबाचा परवाना रद्द करण्याची आणि कैदेची तरतूद केली. कायदा चांगला आहे. पण तो परंपरेचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. आमच्या परंपरेत काठ दडवणेही आहे. तिचे रक्षण आम्हाला नको आहे.

दिल्ली गोल्फ क्लबातले २०१७ चे प्रकरण यापुढे जाते. मेघालयातली एक खासी स्त्री जैनसेम हा आपल्या समाजाचा पोशाख घालून, एका सभासदाच्या निमंत्रणावरून जेवायला गेली होती. तिचे कपडे मोलकरणीसारखे दिसतात असे सांगून तिला भोजनगृहातून उठायला लावले. पुढे क्लबाने दिलगिरी व्यक्त केली. इथे कॉलरचा प्रश्न नव्हता, चपलेचाही नव्हता. वाचले गेले ते कापड नव्हते. कापडाच्या आतले माणूस वाचले गेले. नियम कपड्यांविषयी लिहिला जातो आणि माणसांवर वाचला जातो, हे माझ्या समीक्षेचे मुख्य म्हणणे आहे. लिहिणे आणि वाचणे यांमधल्या त्या फटीतून जात आत येते.

मुंबईच्या विलिंग्डन क्लबाची कथा तर विलक्षण आहे. युरोपियनांच्या क्लबांत हिंदी माणसाला प्रवेश नव्हता, म्हणून गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पुढाकाराने दोघांसाठी हा क्लब निघाला. त्याच क्लबाने १९८८ मध्ये मकबूल फिदा हुसेन यांना अनवाणी आले म्हणून दारातून परत पाठवले. हुसेन जन्मले पंढरपुरात, आणि पंढरपूरचे दार चोखोबाच्या लोकांना उघडायला १९४७ साल आणि साने गुरुजींचे उपोषण लागले. बाहेर ठेवल्या गेलेल्यांनी आपले दार बांधले की त्या दारालाही एक उंबरठा लागतो. हा इशारा आम्हा शिकलेल्या, कोट घालणाऱ्या दलितांनाही आहे.

कायदा काय म्हणतो? घटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले, सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे यांची नावे आहेत. खाजगी क्लबाचे नाव नाही. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान ही कारणे आहेत. पोशाख हे कारण नाही. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या चौथ्या कलमात अस्पृश्यतेच्या कारणावरून दागदागिने आणि उंची वस्त्रे वापरण्यास आडकाठी करणे हा गुन्हा ठरवला आहे. पण त्यासाठी ती आडकाठी अस्पृश्यतेच्या कारणावरून असावी लागते. जातीला आज जात म्हणून दारात उभे राहता येत नाही, तेव्हा ती पोशाख म्हणून उभी राहते.

मग पोशाखाचे नियम असूच नयेत काय? मी तसे म्हणत नाही. गोल्फच्या मैदानात धातूचे खिळे असलेले बूट नकोत, कारण त्यांनी हिरवळ उखडते. हा नियम कामाशी बांधलेला आहे; तो राजालाही लागू, कॅडीलाही लागू. धोतर नेसलेल्या बापाने सभागृहात खुर्चीवर बसून टाळ्या वाजवल्या तर कोणती हिरवळ उखडते? 'खेळाची प्रतिष्ठा' असे उत्तर मिळते. पण ही प्रतिष्ठा काही शिलालेख नव्हे. २०१९ मध्ये अमेरिकेच्या पीजीए टूरने सरावाच्या फेऱ्यांत व्यावसायिक खेळाडूंना अर्धी चड्डी घालू दिली. खेळ बुडाला नाही. उकाडा खेळाडूला झाला, नियम वाकला. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या धोतराकरता तो का वाकू नये?

म्हणून माझी मागणी दोन पायऱ्यांची आहे. पहिली, नियमाचे कारण सांगा. जे सांगता येत नाही तो नियम काढून टाका. दुसरी, जो उरेल तो पाहुण्यांच्या गटाला त्यांच्या भाषेत, वस्तूंची नावे घेऊन, निघण्याच्या पुरेसा आधी कळवा. बूट लागतात तर 'बूट लागतात' म्हणा. नसतील त्यांच्यासाठी दारात दहा जोड ठेवा. आणि ही सूचना दारावरच्या माणसाच्या गळ्यात टाकू नका. जो नियम करतो त्याने सहीनिशी कळवावा. नकार द्यायला गरीब माणूस उभा करायचा आणि नियम करणाऱ्याने आत हारतुरे घ्यायचे, ही श्रमविभागणी आम्ही शतकानुशतके पाहिली आहे.

दुसऱ्या वर्षी तेच निमंत्रण पुन्हा आले. तळाशी तेच दोन शब्द होते. या वेळी मी आयोजकांना मराठीत पत्र लिहिले : आमच्याबरोबर पालक येतील, त्यांच्यातले काही धोतर नेसतील, काही जणी नऊवारीत आणि एक बाई बंजारा पोशाखात असेल, त्यांना पहिल्या रांगेत बसवणार असाल तर आम्ही येतो, नसेल तर ढाल टपालाने पाठवावी. उत्तर आले नाही. ढाल टपालाने आली.

मी ती वर्गात ठेवली आणि मुलांना विचारले, आपण हरलो की जिंकलो? गेल्या वर्षीची ती मुलगी मागच्या बाकावर होती. ती म्हणाली, "सर, या वर्षी निदान कोणी बाहेर बसलं नाही."