मांडी घालता येणारा पाय

डिझाइन शिकायला गेलात की पहिल्याच वर्षी तुमची लोट्याशी गाठ पडते. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्याने १९५८ साली भारत सरकारला दिलेल्या अहवालात या साध्या भांड्याचं मनापासून कौतुक केलं. भरल्यावर त्याचा तोल कसा राहतो, डोक्यावर-कमरेवर तो कसा बसतो, हाताला कसा लागतो, असे प्रश्न त्यांनी विचारले. प्रश्न उत्तमच आहेत. पण लोट्याचं कौतुक ऐकून आता कान किटलेत, म्हणून हेच प्रश्न मी दुसऱ्या एका वस्तूला विचारणार आहे.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० साली सुरू केलेला ग्रामीण आरोग्य प्रकल्प आहे. गावातल्या, फारशा न शिकलेल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवणारा प्रकल्प म्हणून तो जगभर माहीत आहे. तिथल्या कृत्रिम पायांच्या कार्यशाळेबद्दल मात्र कमी बोललं जातं. स्थानिक कारागीर तिथे ‘जयपूर फूट’ बसवून देतात.

हा पाय १९६०च्या दशकाच्या अखेरीस जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात घडला. घडवणारे दोघे : अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा. त्याआधी जो पाश्चात्त्य पाय मिळायचा त्यात लाकडाचा कडक गाभा असे. घोटा वर वळत नसे आणि वापरायला बूट लागे. खुर्चीवर बसणाऱ्या, घरातही बूट घालणाऱ्या माणसासाठी तो ठीकच होता. आता तो पाय घेऊन जामखेडच्या शिवारात खुरपायला बसा. उकिडवं बसताना घोटा वाकला नाही तर माणूस मागे कलंडतो. मांडी घालायची तर पाऊल आत वळायला हवं. चुलीपुढे भाकरी थापणं, पंगतीला बसणं, परसाकडे जाणं, सगळं जमिनीलगत. शर्मा-सेठींनी स्पंज रबराचे ठोकळे आणि घोट्यात लाकूड घेतलं, ते टायरला वापरतात तसल्या रबराने बांधलं आणि साच्यात भाजलं. पाऊल सगळीकडे वळायला लागलं. वरून रबराचंच आवरण असल्यामुळे चिखलात, पाण्यात अनवाणी चालता येतं. वरच्या नळीला आधी ॲल्युमिनियम होतं, नंतर पाण्याच्या पाइपचं प्लॅस्टिक आलं. पाइप तापवायचा आणि पायाच्या साच्यावर ओढायचा.

आता आमच्या वर्गात हमखास निघणारा आक्षेप. या पावलाला बोटं आहेत, कातडीसारखा रंग आहे. रबराने रबर दिसावं, खोटी बोटं कशाला? ऑलिम्पिकच्या वाटेवरची कार्बनची पाती बघा, कशी ताठ मानेने यंत्र असतात! मला हा आक्षेप शहरी वाटतो. आपल्याकडे पायताण उंबऱ्याबाहेर राहतं. जो पाय बुटाशिवाय चालत नाही, तो देवळात, स्वयंपाकघरात, लग्नाच्या पंगतीत कसा जाणार? तिथे माणसालाच दाराशी थांबावं लागतं. ती पाच बोटं नटवण्यासाठी नाहीत. त्यांच्यामुळे आत जाता येतं.

याचा अर्थ वस्तूत खोट नाही असा नव्हे. पाऊल जड आहे. हाताने बनत असल्यामुळे एक पाऊल दुसऱ्यासारखं उतरेलच असं नाही, आणि दिवसभर घालणाऱ्याला तो फरक जाणवणारच. वजन कमी करण्यासाठी पुढे इस्रोच्या मदतीने पॉलियुरेथेनचं पाऊल तयार झालं, म्हणजे ही तक्रार माझ्या एकट्याची नाही.

तरीही ‘हाताने बनतं’ हा दोष म्हणून लिहिताना माझी लेखणी अडखळते, कारण जामखेडपर्यंत हा पाय पोचला तो त्याचमुळे. सेठींनी पेटंट घेतलं नाही. भट्टी, हातोडी, प्लॅस्टर आणि शिकवणारा कुणी मिळाला की तालुक्याच्या गावी काम सुरू होतं. पट्टा तुटला, नळीला तडा गेला, तर पुण्या-मुंबईची वाट धरावी लागत नाही.

१९८१ साली सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शर्मांचं शालेय शिक्षण बेताचंच होतं. आमच्या अभ्यासक्रमात खुर्च्या बनवणाऱ्या युरोपियन डिझाइनरांची नावं पाठ करावी लागतात, प्रत्येक खुर्चीच्या सालासकट. शर्मांचं नाव मला त्यात सापडलं नाही.