जखमेची किंमत

टेबलाभोवती बसून फाशांनी खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळांत शस्त्रांची चर्चा पुष्कळ होते, उपचाराची त्यामानाने कमी. माझ्या मते मात्र अशा खेळातला धोका किती खरा, हे मुख्यतः उपचाराच्या नियमांवरून ठरते.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. पात्राची तग धरण्याची शक्ती त्यात ‘हिट पॉइंट्स’मध्ये मोजतात. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आवृत्तीच्या १९७९च्या सूत्रधारासाठीच्या पुस्तकात एका दिवसाच्या विश्रांतीने एकच पॉइंट परत मिळे. शून्यावर कोसळलेल्याला साध्या मंत्राने सावरले, तरी आठवडाभर विश्रांती सक्तीची होती. जखमेची किंमत वेळात चुकवावी लागे. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत ती पैशांत आली : ७५० सुवर्णमुद्रा मोजल्या की ५० वेळा चालणारी उपचाराची कांडी मिळे. २००८च्या चौथ्या आवृत्तीत प्रत्येकाला ‘हीलिंग सर्ज’ची ठरावीक शिल्लक मिळाली. एका सर्जने एकूण शक्तीचा चौथा हिस्सा भरून येई, आणि बहुतेक उपचार याच शिल्लकीतून होत.

२०१४च्या पाचव्या आवृत्तीत आठ तासांच्या दीर्घ विश्रांतीने सगळे पॉइंट्स परत येतात. ‘हीलिंग वर्ड’ हा मंत्र ६० फुटांवरून, मुख्य कृती न खर्चता टाकता येतो. पण त्याने मिळते ते चार बाजूंच्या एका फाशावरचे दान आणि थोडी भर. बलाढ्य शत्रूचा एक घाव त्याहून मोठा असतो. एक पॉइंट उरलेला योद्धाही पूर्ण ताकदीने लढतो आणि शून्याखालचे नुकसान सहसा हिशेबात धरत नाहीत. त्यामुळे साथीदार पडण्याआधी त्याला सावरणे हा तोट्याचा व्यवहार ठरतो. हिशेबी खेळाडू तो पडेपर्यंत थांबतो, मग एका शब्दाने उठवतो.

या बदलांमागचा हेतू मला मान्य आहे. पूर्वी कुणाला तरी ‘क्लेरिक’ व्हावे लागे आणि आपली पाळी इतरांच्या जखमा बांधण्यात घालवावी लागे. त्या खेळाडूची सुटका झाली, हे चांगलेच झाले. शिवाय २०१४च्या सूत्रधाराच्या पुस्तकात दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा कठीण चकमकी गृहीत आहेत. तेवढ्या झाल्या तर मंत्र जपून वापरावे लागतात. दिवसाला एकच लढाई होते तिथे मात्र काटकसरीला कारणच उरत नाही.

२०२४च्या सुधारित नियमांत ‘हीलिंग वर्ड’चे फासे एकाचे दोन झाले. वेळेवर केलेल्या मदतीला त्याने थोडे मोल आले, पण मूळ दोष राहिलाच : पडून उठण्याला कायमची किंमत नाही. क्लेरिकची सुटका राखूनही ती किंमत लावता येईल. पडणाऱ्याच्या अंगी काही काळ थकवा राहिला, तरी पुरे. मग साथीदार डळमळताना दिसला, की तो पडण्याआधी धावून जाणे हेच शहाणपणाचे ठरेल. एकमेकांना राखण्यासाठीच तर माणसे या खेळात टोळी करून उतरतात.